एका घराची एक हजेरी

शेषेरावानं सिंधूला नांदेडहून बोलावून घेतलं ते काही माहेरपणासाठी नव्हतं. दिवाळीत चार दिवस जास्त राहते म्हटलं तरी ज्याच्या कपाळाला आठी पडायची, त्या भावानं निरोप धाडला होता, "जावईबापूंना सुट्टी नसंल तर एकटी ये, पण ये." सिंधूला आधी वाटलं, आबांचं काही बरंवाईट झालं. मग वाटलं, वाटण्या निघाल्या. लातूरच्या स्टँडवर शेषेरावानं आपणहून तिची पिशवी हातात घेतली, तेव्हा तर ती घाबरलीच.

"तुझ्या नवऱ्याला गिरणीत विम्याचं कार्ड हाय न्हवं?" त्यानं चालता चालता विचारलं.

"हाव. का?"

"तेच इथं येऊन राहिलंय. आपल्या डाळमिलीला लागू झालंय. उद्या साहेब येणार नावं लिवायला. आमाला त्यातलं काही मालूम न्हाई, आन् तुझी दोन्ही बाळंतपणं विम्याच्या दवाखान्यात झाल्याली."

या घरात सिंधूला आजवर मिठाची बरणी कुठं ठेवलीय याखेरीज कुणी काही विचारलं नव्हतं. तिनं पदर सावरला आणि चालण्याचा वेग थोडा कमी केला. विचारणाऱ्यानं थांबून ऐकावं, अशी चाल तिला पहिल्यांदाच सुचली.

"समदं फुकट असतंय, दादा. औषध, सुई, बाळंतपण. आजारी पडलं तर रजेचा पगार बी. कार्ड एकाचं, पण घरातले समदे त्यात."

"समदे?"

"समदे," सिंधू ठासून म्हणाली.

जिल्हा वेगळा झाल्यापासून लातुरात पाट्या फार वाढल्या होत्या. पूर्वी साध्या दाखल्यासाठी उस्मानाबादेच्या चकरा माराव्या लागत. आता कचेऱ्या दाराशी आल्या म्हणून लोकांनी गुलाल उधळला, आणि कचेरीमागोमाग साहेबही दाराशी येतो हे गुलाल झटकल्यावर लक्षात आलं. पाऊस मात्र नव्या जिल्ह्याला विचारायला तयार नव्हता. चाकूर, औशाकडून येणारी तूर निम्म्यावर आली होती. डाळ करताना तुरीला द्यायचं पाणीसुद्धा टँकरचं. अशा सालात मिलवाल्यांच्या डोक्यावर विमा आला, म्हणून सगळी गल्ली चिडलेली होती.

शेजारच्या रेवणसिद्धानं तर कमालच केली. माणसं दहाच्या वर गेली की विमा लागतो हे कळताच त्यानं मिलीच्या मधोमध भिंत घातली. अलीकडची मिल त्याची, पलीकडची भावाची. मोटार एकच असल्यामुळे पट्ट्यासाठी भिंतीला भोक ठेवावं लागलं, आणि मोटार बंद असली की त्या भोकातून दोन्ही मिलींचे कामगार एकमेकांना तंबाखू देत. शेषेरावाच्याही मनात भिंत आली होती. पण त्याचे वडील किशनराव, म्हणजे आबा, फाटकाजवळच्या बाजेवरून न उठताच गरजले होते, "घालायची तर माझ्या मढ्यावर घाल. एक बी घर कमी व्हणार न्हाई."

घर म्हणजे कामगाराचं घर. किशनरावांच्या मिलीत माणसं मोजत नसत, घरं मोजत. बहात्तरच्या दुष्काळात मिल नुकती उभी राहिली होती आणि फाटकाशी कामासाठी झुंबड उडायची. एका घरातले चौघं कामाला लागायचे आणि दुसऱ्या घरी चूल पेटायची नाही. तेव्हा किशनरावांनी ठरवलं, एका घराची एक हजेरी. घरातलं कुणी का येईना, बाप, लेक, सून; मजुरी एका माणसाची, पण घर कायमचं. त्या एका शब्दावर कितीतरी घरांनी ते साल काढलं. किशनरावांना आयुष्यात अभिमान वाटावा अशा गोष्टी थोड्या होत्या, त्यात ही पहिली. अजूनही सकाळी फाटकाशी बसून ते स्वतः हाक द्यायचे, "लिंबाजीचं घर?" आणि आतून सरजाबाईचा आवाज यायचा, "हाय!"

तिच्या नवऱ्याच्या वेळी तीच हाक "ग्यानोबाचं घर" अशी होती. ग्यानोबा गेला आणि हाक लेकाच्या नावानं सुरू झाली. ओ देणारी दोन्ही वेळा सरजाबाईच.

सिंधू पिशवी ठेवून थेट निवडायच्या खोलीत गेली. लाइट गेलेली, त्यामुळे मिल गप्प होती. पत्र्याच्या आडून कोरडा, खरवडल्यासारखा खोकला ऐकू आला. आत तीन बायका, तिघींच्या तोंडाला पदर बांधलेला, पापण्यांवर तुरीची पिवळी धूळ. मधे सिंधूची आई धोंडाबाई, अलीकडे सरजाबाई आणि पलीकडे तिची सून पंचशीला, सातव्या महिन्याचं पोट सांभाळत एक पाय पसरून बसलेली.

"सरजाबाई, खोकला लई वाढला की गं तुझा," सिंधू म्हणाली.

सरजाबाईनं पदर खाली घेतला. "हाय तसाच हाय, सिंधूताई. बसा की. तुमच्याच वाटंला डोळे लागले होते." आणि मग इकडेतिकडे न फिरता तिनं मुद्द्याला हात घातला. "धाकले धनी म्हणले, घरटी एकच नाव लिवायचं. ज्याचं नाव न्हाई त्यानं उद्या साहेबाच्या नदरंला पडायचं न्हाई, आन् पुढं बी कामाला यायचं न्हाई. आमचं कुणाचं लिवावं?"

सिंधूनं बसकण मारली. "बाळंतपणाला रजा मिळती, पगारी. पंचशीलाचं लिवा."

"मी तेच म्हणून राहिले," सरजाबाई म्हणाली. "पर ही ऐकंना."

"आत्याबाईंच्या छातीला औषध पायजे," पंचशीला सुपातली नजर न काढता म्हणाली. "बाळंतपण काय, आपोआप होतंय."

"आपोआप होतंय म्हणती! पहिलं कसं गेलं ते इसरली व्हय?"

पंचशीलाचं पहिलं मूल बैलगाडीत, दवाखान्याच्या वाटेवर गेलं होतं. सिंधूला ते ठाऊक होतं, आणि आपल्या हातात त्यावरचा उपाय आहे या जाणिवेनं तिला भरून आलं.

"अगं, भांडता कशाला? कार्ड पंचशीलाचं काढा. सरजाबाई सासूच ना? घरातलीच. तिला बी औषध मिळंल."

"नक्की?" सरजाबाईनं विचारलं.

"आमच्या सासूबाईंना मिळतंय की. दर महिन्याला गोळ्या आणतात."

सरजाबाईचा चेहरा मोकळा झाला. मग ती हातातल्या सुपाकडे बघत राहिली. सुपाची कड झिजून तिच्या अंगठ्याच्या मापाची झाली होती. "मंग झालं. उद्यापास्नं मी घरी. औषध मिळतंय म्हटल्यावर काय." ती हसली, पण सूप काही खाली ठेवलं नाही.

धोंडाबाई दोघींच्या मधे बसून सगळं ऐकत होती. ती खडे वेचत होती.

रात्रीच्या जेवणाला वडील, भाऊ आणि बहीण यांचं चांगलं जमलं. एरवी ताटावर बसलं की शेषेराव आणि किशनराव यांच्यात ठिणगी पडायचीच. आज मात्र शेषेराव म्हणाला, "माझ्यावर बोजा पडणारच, पर घरटी एक नाव म्हटल्यावर झेपंल. तूर असो नसो, हप्ता द्यावाच लागणार. तवा एकाच्या वर एक बी नको." किशनराव म्हणाले, "घर तुटलं न्हाई, बास झालं. एवढे दिवस आपण डॉक्टरकडं न्हेत होतोच, आता सरकार न्हेईल." सिंधूनं दोघांना नांदेडच्या दवाखान्यातल्या गोष्टी सांगितल्या, थोडं मीठमसाला लावून. आपल्यामुळे बापलेकांत समेट झाला असं तिला वाटलं, आणि तसं वाटायला ती मोकळीच होती.

"माय, तुला काय वाटतं?" तिनं भाकरी वाढणाऱ्या आईला विचारलं.

"मला काय कळतंय त्यातलं," धोंडाबाई म्हणाली. "दोघी बी येतात, एवढं कळतंय."

"खायला वाढ," किशनराव म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ऊन तापल्यावर साहेब आले. नरसिंग त्यांचं नाव, बिलोलीकडचे, अंगानं किरकोळ आणि बोलायला मऊ. वाटेत रेवणसिद्धाची भिंत बघून आले होते आणि त्यांना अजून हसू आवरत नव्हतं. पाण्याचा पेला पुढे केला तर त्यांनी दोनच घोट घेतले आणि उरलेलं तसंच झाकून ठेवलं. टँकरच्या गावात फिरणाऱ्या माणसाची ही सवय शेषेरावाला आवडली. लाइट नव्हतीच. निवडायच्या खोलीच्या उंबऱ्यापाशी टेबल मांडलं आणि नावं सुरू झाली.

घरामागून घर उरकलं. जे माणूस पुढे येई ते नाव सांगे, घरातल्यांची नावं सांगे, अंगठा नाहीतर सही करी. पंचशीला आली तेव्हा उंबऱ्याशेजारी पोत्यावर बसलेल्या किशनरावांनी सवयीनं हाक दिली, "लिंबाजीचं घर!"

"नाव?" साहेबांनी विचारलं.

"पंचशीला लिंबाजी." घरचं कोण म्हटल्यावर ती म्हणाली, "घरवाले, आन् सासू."

साहेबांनी पेन थांबवलं. "सासू नाही बसत."

"बसती साहेब," सिंधू पुढे झाली. "आमच्या नांदेडला बसती. माझ्या सासूबाई आहेत की कार्डात."

"कार्ड कुणाच्या नावावर आहे, ताई?"

"आमच्या ह्यांच्या."

"मग त्या त्यांच्या आई म्हणून आहेत. गड्याच्या नावावर कार्ड असलं की त्यानं सांभाळलेले आईबाप येतात. बाईच्या नावावर असलं की नवरा आणि लेकरं. सासू नाही. तिचे स्वतःचे आईबापसुद्धा नाहीत."

सिंधूच्या कानशिलांना आग लागली. इतकी वर्षं ते कार्ड तिनं ट्रंकेत जपून ठेवलं होतं, कितीदा उघडून बघितलं होतं. त्यात सासू आहे आणि आपली आई नाही, हे तिला एकदाही खटकलं नव्हतं. काल त्याच कार्डाच्या भरवशावर तिनं एका बाईला घरी बसवलं होतं.

"मंग लिंबाजीचं लिवा," शेषेराव घाईनं म्हणाला. "घर तेच हाय."

"लिंबाजी कुठं आहे?"

"बोअरच्या गाडीवर. निलंग्याकडं."

"इथं काम करतो?"

शेषेराव पायानं जमिनीवरची डाळ सारू लागला.

"जो इथं काम करतो त्याचंच नाव, मालक. दुसऱ्याचं लिहिलं तर उद्या ना त्याला पगार मिळेल ना हिला औषध."

पंचशीला म्हणाली, "साहेब, माझं खोडा. आत्याबाईंचं लिवा. सरजाबाई ग्यानोबा."

"काय बी नका खोडू!" आवाज पोत्यांच्या थप्पीमागून आला, आणि पाठोपाठ सरजाबाई. आज नजरेला पडायचं नाही असं ठरलं असताना ती सकाळपासून तिथं बसून होती. घरी राहायचं ठरवून निघाली खरी, पण पाय इकडेच वळले. "तिचंच राहू द्या. माझं काय, आज हाय उद्या न्हाई."

"आत्याबाई, तुमी मधी बोलू नका."

"तू गप. तुला दिवस किती राहिले?"

सासू-सून एकमेकींसाठी एकमेकींवर खेकसत होत्या, आणि टेबलाभोवतीच्या माणसांना कुठं बघावं कळेना. साहेबांनी मात्र पेन खाली ठेवलं. त्यांना आता खरोखरच कुतूहल वाटू लागलं होतं.

"एक सांगा, या दोघींत कामाला कोण येतं?"

"एका घराची एक हजेरी," किशनराव छाती काढून म्हणाले, आणि बहात्तरची सगळी हकीकत त्यांनी सांगितली. साहेब मन लावून ऐकत होते. अशी रीत त्यांनी कुठल्या मिलीत बघितली नव्हती, तसं ते म्हणालेही. किशनरावांची मान ताठ झाली.

"फार चांगलं केलंत," साहेब म्हणाले. "म्हणजे एक दिवस सासू, एक दिवस सून?"

"तसंच," किशनराव म्हणाले.

"तसंच," शेषेरावही म्हणाला, जमिनीकडे बघत.

"न्हाई," धोंडाबाई म्हणाली.

ती आपल्या जागेवरच होती, मांडीवर सूप, कोपरापर्यंत धूळ. "एक दीस एक न्हाई. दोघी बी रोज येतात. एक पाखडती, एक निवडती. आधी सरजा एकटी उरकायची. माल वाढला, तिचा दम कमी झाला, मंग सून बरूबर येऊ लागली. समद्याच घरांचं तसं हाय. हाक एकाला, येतात दोघं."

"माय!" शेषेराव म्हणाला.

"काय माय? मी त्यांच्या मधी बसती रोज. माझे डोळे गेले व्हय?"

किशनराव बायकोकडे बघत राहिले. फाटकाशी हाक द्यायची, ओ ऐकायची आणि बाजेवर पडायचं, एवढंच ते गेली कित्येक वर्षं करत होते. आतून एकच "हाय" यायचा. त्या आवाजाबरोबर आत किती हात आहेत हे बघायला ते उठले नव्हते. उपाशी घरांत काम वाटून द्यायला काढलेली रीत एका मजुरीत दोन माणसं राबवायची रीत झाली होती, आणि ती त्यांच्याच तोंडच्या हाकेनं रोज सकाळी सुरू होत होती.

"शेषा," ते हळू म्हणाले, "तुला मालूम होतं?"

शेषेरावानं मान वर केली. त्याच्या डोळ्यांत पाणी तरारलं होतं, रागाचं का कशाचं ते त्यालाही सांगता आलं नसतं. "होतं. आबा, तुमच्या जमान्यात तूर होती. मी ह्या सालात मिल चालवून राहिलो. एक बी घर कमी करायचं न्हाई म्हणता, भिंत घालायची न्हाई म्हणता. मंग मी तरी कुठून आणू? सांगा."

साहेबसुद्धा त्याच्याकडे मायेनं बघत होते. सिंधूला काल सल्ला देताना जेवढा सोपा वाटला होता तेवढा हा प्रश्न सोपा नव्हता, आणि भाऊही तिला आजवर वाटत आला तेवढा वाईट नव्हता.

शेवटी किशनरावच उठले. टेबलापाशी आले. हाक द्यायला तोंड उघडलं आणि थांबले, कारण कोणत्या नावानं हाक द्यायची ते त्यांना क्षणभर सुचलं नाही.

"सरजाबाई," ते म्हणाले.

सरजाबाईला ओ द्यायला जरा वेळ लागला. "हाय," ती म्हणाली.

"पंचशीला."

"हाय, आबा."

"लिवा साहेब, दोघींचं बी. मजुरी बी दोन. बाकीची घरं बी परत बोलवा. जमीन इकावी लागली तर तळ्याकडची माझ्या नावावरची इकू. शेषा, तुझ्या वाट्याला हात लावत न्हाई."

शेषेरावानं बापासाठी खुर्ची ओढली. सरजाबाईनं अंगठा पुढे केला, मग तो धुळीचा आहे म्हणून पदराला पुसला आणि पुन्हा पुढे केला. पंचशीलानं सही केली. सिंधू बाजूला उभी राहून दोन्ही नावं एकाखाली एक उमटताना बघत होती, आणि तिचा जीव भांड्यात पडला.

सगळी घरं दुसऱ्यांदा उरकली. साहेब टोपण लावता लावता थांबले. "आणि या बाई? यांचं नाव राहिलं."

किशनराव हसले. "ती मालकीण हाय, साहेब. माझी बायको."

"रोज बसता?" साहेबांनी धोंडाबाईला विचारलं.

"मिल निघाल्यापास्नं."

"मालकाच्या घरचं माणूस कामगारांत धरत नाहीत, बाई," साहेब ओशाळून म्हणाले. "मी विचारायला नको होतं."

धोंडाबाईनं त्यावर विचार केला. तिला राग आलेला दिसत नव्हता. डाळीत वेगळाच खडा सापडावा तशी ती ही गोष्ट उलटीपालटी करून बघत होती.

"म्हंजी मी कामाला न्हाई."

"कागदावर नाही."

"बरं झालं सांगितलं. मला वाटत होतं, मी हाय."

तिनं सूप खाली ठेवलं. हात झटकले. गुडघ्यावर हात देऊन उठली, अंगण ओलांडलं आणि फाटकाजवळच्या किशनरावांच्या बाजेवर जाऊन बसली. खोलीत तिच्या वाटणीचा डाळीचा ढीग तसाच राहिला.

शेषेराव ढिगाकडे बघत होता. "माय, उद्या गाडी भरायचीय. हे कोण निवडणार?"

"बघ बाबा. मालक तू हायस."

"नवं माणूस लावलंत तर कळवा," साहेब टेबलावरून म्हणाले. "त्याचंही कार्ड निघेल."

पंचशीलाला हसू फुटलं. तिनं पदर तोंडाला लावला, पण सरजाबाईच मोठ्यानं हसली, आणि मग शेषेरावालाही राहवलं नाही.

तेवढ्यात लाइट आली. मोटारीनं सूर धरला, पट्टा फिरला, जाळ्या थडथडू लागल्या आणि पत्र्यातून धूळ अंगणात आली. धोंडाबाई दचकली. तिनं कानांवर हात ठेवले आणि तिला खोकल्याची उबळ आली, कोरडी, खरवडल्यासारखी. सिंधूनं तो खोकला ओळखला. काल पत्र्याआडून ऐकला होता तो हाच, आणि तिनं तो सरजाबाईच्या नावावर टाकला होता.

साहेबांनी झाकून ठेवलेल्या पेल्यातलं पाणी घेऊन ती धावली. तिच्या आधी किशनराव पोचले होते. ते बायकोच्या शेजारी बाजेवर बसले, पाणी प्यायला लावलं, आणि काय करावं न कळून तिच्या पाठीवर हात ठेवून राहिले. लग्नानंतर चारचौघांत त्यांनी असं कधी केलं नव्हतं.

धोंडाबाईनं डोळे पुसले आणि मिलीकडे नवलानं बघितलं.

"एवढा आवाज येतो व्हय इथं?"

"रोजच येतो की," किशनराव म्हणाले.

"रोज आत बसून न्हाई कळत," ती म्हणाली.